बारा किलो वाल

नमितानं आठ वर्षांत रोह्याच्या कॉलेजात जवळजवळ सगळंच शिकवून झालं होतं. तासिका तत्त्वावरच्या बाईनं विषय निवडायचा नसतो, उरलेला घ्यायचा असतो. एका वर्षी व्यापारी पत्रव्यवहार, एका वर्षी पर्यावरण, आणि एकदा खेळाचे सर रजेवर गेले म्हणून दीड महिना मुलींची कबड्डीसुद्धा. त्यामुळे 'उद्योजकता कक्ष' सुरू करा असं पत्र वरून आलं आणि स्टाफरूममधल्या प्रत्येकाला एकाएकी आपल्या चहाच्या कपाचा तळ निरखून पाहावासा वाटला, तेव्हा ते लोढणं कुणाच्या गळ्यात पडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

कक्षाला गच्चीवरची पत्र्याची खोली मिळाली. आत एक कपाट, एक फळा आणि मागच्या स्नेहसंमेलनाचं उरलेलं थर्माकोल. मुलांनी नोकऱ्या मागायच्या नाहीत, द्यायच्या, असं पत्रात लिहिलेलं होतं. मुलांनी ते ऐकून घेतलं आणि एमआयडीसीतल्या कुठल्या कंपनीत भरती चालू आहे याची चौकशी पुढे चालू ठेवली. नावनोंदणीला नऊ जण आले. दिवाळीनंतर तीन उरले.

घरी, रोह्याजवळच्या वरसे गावात, नवरा नितेश फर्स्ट शिफ्ट करून यायचा आणि जेवताना विचारायचा, "काय म्हणतात तुझे कारखानदार?"

"तीनच आहेत."

"तीन बी खूप झाले. तू आयुष्यात काडेपेटी तरी विकलीस काय गो? आणि पोरांना धंदा शिकवतेस."

नितेश कुजकट माणूस नव्हता. दिवसभर मास्क घालून रसायनाच्या टाक्यांजवळ उभं राहिल्यावर माणसाला घरी येऊन काहीतरी बोलायचं असतं, एवढंच. पण हे वाक्य नमिताला लागायचं. कारण ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे तिनं लग्नाला अठरा वर्षं होऊनही नवऱ्याला सांगितलेलं नव्हतं.

तिचं माहेर पेणच्या पलीकडे, धरमतरच्या खाडीकाठी. वडील मिठागरावर. पावसाळ्यात मिठागर बंद, म्हणजे चूल आईच्या हातावर. आई, इंदुबाई, वाल भिजवून, मोड आणून, सोलून, त्याचं बिरडं पेणच्या घराघरांत पोचवायची. सोलायला आई आणि नमिता. विकायला नमिता एकटी, कारण आईला भाव सांगायला लाज वाटायची. सातवीपासून बारावीपर्यंत नमितानं किती दारांत "बिरडं घ्या बिरडं" म्हटलं असेल याची गणती नाही. त्यातली काही दारं तिच्या वर्गातल्या मुलींची होती. एकीच्या आईनं पातेलीत बोट घालून, "परवाचं आंबूस होतं गो," असं मुलीदेखत सुनावलं होतं. बीकॉमला फर्स्ट क्लास मिळाला त्या दिवशी नमितानं ठरवलं, आता वालाला हात लावायचा नाही. लग्नानंतर तिच्या घरात बिरडं व्हायचं ते बाजारातून सोललेलं आणून. नितेशला वाटायचं, शिकलेल्या बाईला कंटाळा असतो.

जानेवारीत प्राचार्यांनी तिला बोलावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण खुर्ची वाईट होती.

"मॅडम, मार्चअखेर कक्षाचा अहवाल जातो. त्यात एक तरी खरा व्यवहार दाखवा. मुलांनी केलेला. नुसती व्याख्यानं दाखवली तर कक्ष बंद होणार, आणि कक्ष बंद झाला तर जूनपासून तुमचे तास मी कुठून काढू?"

म्हणजे चाळिसाव्या वर्षी, आठ वर्षांनंतर, घरी बसा. नमिता "हो सर" म्हणून बाहेर आली.

खरा व्यवहार आणला उरलेल्या तिघांतल्या निकेशनं. निकेश रविवारी पेणच्या सुशील केटररकडे वाढपी म्हणून जायचा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तो गच्चीवर धापा टाकत आला.

"मॅडम, ऑर्डर! सुशीलशेठला बिरडं पायजे. रविवारी लग्न हाय, तीनशे पान. नेहमीची बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली. मी बोललो, आमचं कॉलेज देईल."

"कॉलेज?" नमितानं हातातला खडू खाली ठेवला. "अरे, दुसरं काही नाही का? कागदी पिशव्या, राख्या..."

"मार्चमधी राख्या कोण बांधील मॅडम?" मृणालीनं विचारलं. मृणाली आतल्या गावातली, भात आणि वाल करणाऱ्या घरातली. बोलायला फटकळ, हिशेबाला पक्की. "वाल आमच्या घरचेच हायत. आता काढलेले. बारा किलो भिजवले की भिजून, सोलून पंचवीसच्या आसपास जातात. सोलायला आमच्या वाडीतल्या सहा बाया येतील, मी विचारते."

तिसरा अक्षय, पलीकडच्या अष्टमी गावचा. त्याला तक्त्याशिवाय विचार करता यायचा नाही. त्यानं कार्डशीट आणून लगेच वेळापत्रक काढलं. बुधवारी संध्याकाळी भिजत घालायचे. गुरुवारी दुपारी निथळून फडक्यात बांधायचे. गुरुवारची आणि शुक्रवारची, दोन रात्री मोड. शनिवारी सकाळी बायका येऊन सोलतील, संध्याकाळी पेणला पोच. सगळं कक्षातच, म्हणजे अहवालाला फोटोही मिळतील.

"आईला विचारलंय मी," अक्षय म्हणाला. "आमच्याकडं दोनच रात्री ठेवतात. बरोबर ना मॅडम?"

नमितानं 'दोन रात्री' या शब्दांकडे पाहिलं. अक्षयच्या घरी वाल भिजतात ते श्रावणात. वर्षभर कणगीत पडलेला जुना वाल, पावसाळी गार हवा, मोड यायला दोन रात्री लागणारच. पण हा नवा वाल होता, चार दिवसांपूर्वी झोडलेला. मार्चचं ऊन होतं. वर पत्रा होता. एक रात्र पुरेशी होती, नव्हे, जास्तच होती. हे तिला कळत होतं, जसं भात शिजल्याचं वासावरून कळतं तसं. पण ते बोलायचं तर मृणालीनं लगेच विचारलं असतं, "मॅडम, तुम्हाला कसं काय ठाऊक?"

"तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "उद्योजकानं निर्णय स्वतः घ्यायचे असतात."

हे वाक्य पुस्तकातलं होतं, त्यामुळे त्याला कुणी हरकत घेतली नाही.

शुक्रवारी सकाळी सव्वाआठला ती कॉलेजात पोचली तेव्हा अक्षय फाटकातच उभा होता. चेहरा कार्डशीटसारखा पांढरा.

"मॅडम, वर चला."

पत्र्याच्या खोलीचं दार उघडल्याबरोबर वास आला. खराब नाही अजून, पण ओलसर, गोडूस, उकाड्यात जागं झालेल्या धान्याचा. चारही गाठोडी टम्म फुगली होती. मृणालीनं एकाची गाठ सोडली. मोड बोटाच्या पेरापेक्षा लांब झाले होते आणि एकमेकांत गुंतले होते.

"उद्यापर्यंत राहतील ना?" निकेशनं विचारलं.

मृणालीनं मूठभर वाल उचलून दाबले. "उद्या? उद्या बुळबुळीत होऊन नाकाला पदर लावायला लागंल. आजच सोलायला पायजेत. आणि आज बाया कुठून आणू? सगळ्या झोडणीला गेल्यात, संध्याकाळशिवाय येत नायत."

"माझं चुकलं," अक्षय म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. वीस वर्षांचा मुलगा, त्यानं तक्त्यावर लाल शाईनं मथळे काढले होते.

नमिता बाहेर गच्चीवर आली आणि तिनं आईला फोन लावला. का लावला हे तिलाही सांगता आलं नसतं.

"नवा वाल?" इंदुबाई पलीकडून म्हणाली. "आणि पत्र्याखाली ठेवलास? मग आजच सोल. उद्या म्हशींच्या पुढ्यात टाकशील. बारावीपर्यंत तुझ्या हाताखालून काय कमी गेलाय वाल? तुला कळलं नाय?"

"कळलं होतं आये."

"मग तोंड कुठं गहाण टाकलंवतंस?"

फोन ठेवून नमिता खोलीत परत आली. तिघं तशीच उभी होती. "अक्षय, तुझं नाही चुकलं," ती म्हणाली. "एक रात्र पुरते हे मला माहीत होतं. तक्ता बघितला तेव्हाच माहीत होतं. मी बोलले नाही."

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. मृणालीनं तोंड उघडलं आणि मिटलं. असा प्रसंग वर्षातून एखाद्याच वेळी यायचा.

"का ते नंतर सांगते. आधी माणसं बघू."

ती वर्गावर्गात गेली. एफवायला, एसवायला, टीवायला. टेबलापाशी उभी राहून तिनं सांगितलं, प्रत्यक्ष उद्योगाचा अनुभव मिळेल, संघभावना वाढेल, प्रमाणपत्र मिळेल. मुलं खाली बघत होती. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "अटेंडन्स मिळंल काय मॅडम?" आणि वर्ग हसला. टीवायच्या एका मुलीनं सरळच सांगितलं की तिचा साडेअकराला कंपनीत इंटरव्ह्यू आहे. पाऊण तास फिरून नमिताच्या मागे एकही माणूस आलं नाही.

साडेनऊ झाले होते. चार जणांनी दिवसभर मान मोडून सोललं तरी निम्मं उरणार होतं. निकेश म्हणाला, "मॅडम, शेठला फोन करून नाय सांगू काय?"

फोन केला की संपलं. निकेशचं काम जाणार, लग्नघर ऐनवेळी अडणार, आणि अहवालात खरा व्यवहार म्हणून ही बुडालेली ऑर्डर लिहायला लागणार. जून तिला तिथून स्पष्ट दिसत होता.

"एक गाठोडं खाली आण," ती म्हणाली. "आणि शिपाई काळुरामला सांग, कोमट पाणी आणि मोठी परात."

कॉलेजच्या पुढल्या दारात ऐसपैस पडवी आहे. येणारं जाणारं प्रत्येक पोर तिथून जातं. एसटीची वाट बघणारे तिथंच बसतात. नमितानं पडवीच्या मध्यावर सतरंजी अंथरायला लावली, पदर खोचला, परातीसमोर मांडी घातली आणि सोलायला लागली. कुणाला काही बोलली नाही. वाल दोन बोटांत धरायचा, मोडाच्या बाजूनं हलकं दाबायचं, साल सुटते आणि डाळिंबी पुढे सरकते. अर्धी होऊ द्यायची नाही. वीस वर्षांनी हात लावला होता, पण बोटांनी काही विचारलं नाही. पहिली मूठ होईपर्यंत जरा अडखळली, मग टपटप डाळिंब्या पातेल्यात पडायला लागल्या.

तिघं बघतच राहिले. "अगं बाई," मृणाली म्हणाली. "मॅडम, हा हात शिकून येत नाय."

"नाही येत. पेणला घरोघर विकलंय मी बिरडं. बस खाली, बोलताना हात चालव."

त्या मुलखात एक रीत आहे. ती कुणी शिकवत नाही आणि कुणी मोडत नाही. वाल सोलणाऱ्या बाईपुढे मोकळ्या हातांनी उभं राहायचं नसतं. निरोप सांगायला आलेला माणूस असो, भांडायला आलेली शेजारीण असो, आधी परातीत हात घालायचा, मग तोंड उघडायचं. नमितानं हे मनात धरून काही केलं नव्हतं. तिला फक्त वेळ वाया घालवायचा नव्हता. पण दहाची एसटी चुकलेल्या दोन मुली पडवीत आल्या, परातीपाशी थबकल्या, आणि त्यातली एक, सुरभी, पर्स बाजूला ठेवत म्हणाली, "सरका गो जरा." दुसरी तिच्या मागोमाग बसली.

मग पोरगे. त्यांना मुलींजवळ बसायला निमित्त हवंच होतं, पण एकदा बसल्यावर निघालं की निम्म्यांना सोलता येतं. कबड्डीच्या टीमचा कॅप्टन, सहा फुटी धिप्पाड गडी, एवढ्या नाजूक हातानं डाळिंबी काढत होता की मुली कामं सोडून बघायला लागल्या.

"आज्जीनं शिकवलंय," तो गुरगुरला. "हसायचं काम नाय."

"हसत नाय रे. स्थळ सुचवू काय विचार करते," मृणाली म्हणाली, आणि सगळी पडवी खिदळली.

ज्याला येत नव्हतं त्याला टोमणे बसत होते. "अरे डाळिंबी हाय ती, लिंबू नाय पिळायला!" एकानं तीन फोडल्या तेव्हा सुरभीनं त्याची बदली साली गोळा करण्यावर केली. अक्षयच्या तोंडावर रंग परत आला. त्यानं परातींना नंबर दिले, पाणी गार झालं की बदलायला दोघांना नेमलं, सोललेलं ओल्या फडक्यात सावलीला ठेवायला लावलं. दुसरं गाठोडं खाली आलं, मग तिसरं. सतरंजी पुरेना तेव्हा काळुरामनं स्टेजचा पडदा आणून अंथरला.

सोलता सोलता पोरं नमिताला विचारत होती, आणि ती सांगत होती. भाव कसा सांगायचा. उधार मागणाऱ्या बाईशी हसून नाही कसं म्हणायचं. माल आंबूस निघाला तर दुसऱ्या दिवशी त्याच दारात पुन्हा कसं उभं राहायचं.

"लाज नाय वाटली मॅडम?" कुणीतरी विचारलं.

"खूप वाटली. म्हणून तर एक रात्र पुरते हे मी सांगितलं नाही, आणि आज तुम्ही सगळे इथं बसलात."

कॅप्टन म्हणाला, "चला, हात चालवा रे," आणि टपटप पुन्हा सुरू झाली.

साडेअकराला प्राचार्य बाहेर आले. गोंगाट कसला म्हणून विचारायला आले होते. पडवीभर पोरं, स्टेजच्या पडद्यावर वालाच्या साली, मध्ये मांडी घातलेली तासिका तत्त्वावरची बाई. त्यांनी घसा साफ केला.

"मॅडम, हे काय..."

"सर, हात मोकळे हायत तुमचे," मृणालीनं त्यांच्या ओंजळीत वाल घातले.

प्राचार्यांनी ओंजळीकडे पाहिलं. मग तसेच उभ्या उभ्या सोलू लागले. तेही कोलाडकडच्या आतल्या गावातले. चार सोलून झाल्यावर म्हणाले, "मोड फार लांब गेलेत. पत्र्याखाली ठेवलेत वाटतं?" आणि उत्तराची वाट न बघता ओंजळ संपवून आत गेले. जाताना काळुरामला सांगून गेले की बाराचे तास पडवीतच होतील, आणि फोटो काढा.

अडीचला शेवटची परात उपसली. साडेअकराच्या इंटरव्ह्यूवाली मुलगी परत आली होती, तीही शेवटच्या अर्ध्या तासाला बसली. इंटरव्ह्यूचं कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

आता उद्याचा माल आज घेणार का, हा प्रश्न उरला होता. निकेशनं शेठला फोन लावला आणि कानाला धरून नुसता "व्हय, व्हय" करत राहिला. नमिताला त्याच्या तोंडावरून काही कळेना.

"काय म्हणतो?"

"बोलला, फ्रीजमधी जागा हाय. घेऊन या. पण बघून घेईन, बोलला."

काळुरामच्या घरी म्हशी होत्या. त्याचे दुधाचे तीन कॅन धुऊन त्यांत ओल्या फडक्यांत बांधलेलं बिरडं भरलं आणि चौघं सव्वातीनच्या पेण एसटीत चढली. कंडक्टरनं कॅनची तिकिटं काढायला लावली. मृणालीनं नागोठण्यापर्यंत त्याच्याशी वाद घातला आणि तीनऐवजी दोनावर आणलं.

सुशील केटररचा मुदपाकखाना पेणच्या बाजारामागे. माणूस आडवा, बोलणं मोजकं. त्यानं पहिल्या कॅनचं फडकं सोडलं, हात कोपरापर्यंत आत घालून तळातली मूठ काढली आणि ताटलीत पसरली. एकेक डाळिंबी बोटानं सरकवत बघू लागला. वर्गातल्या मुलीच्या आईचं पातेलीतलं बोट नमिताला आठवलं, पण आज ती दारातून निघून गेली नाही.

"मोड लांब झालेत," तो म्हणाला.

"झालेत. चूक माझी आहे, मुलांची नाही. नवा वाल उकाड्यात पत्र्याखाली ठेवला, एका रात्रीतच मोड वाढले."

सुशीलनं वर बघितलं. मग एक डाळिंबी तोंडात टाकली, दाढेखाली फोडली, आणखी एक टाकली.

"कडवटपणा बरोबर हाय. आंबलेलं नाय," तो म्हणाला. "तुकडे बी कमी. उसळीला लांब मोड चालतात, ताटात भरल्यासारखं दिसतं, पाव्हणं खूश." त्यानं आचाऱ्याला हाक मारली. "ठेव रं फ्रीजमधी. आणि ह्यांना च्या दे."

एवढंच. एवढंच पुरेसं होतं. नमिता तेलाच्या उलट्या डब्यावर बसली आणि तिला एकदम कळलं की सकाळपासून पोटात काही नाही. हसू येत होतं, डोळ्यांत पाणी येत होतं, काही एक धड होत नव्हतं. आचाऱ्यानं चहाबरोबर कांदाभजी आणून ठेवली. ती तिनं मुलांना न विचारता एकटीनं संपवली, आणि मग ओशाळून दुसरी मागवली.

"एप्रिलमधी दोन लग्नं हायत माझ्याकडं," सुशील म्हणाला. "पण वाल भिजवायच्या आधी मॅडमना विचारा रे पोरांनो. दिसतात गप्प, पण ठाऊक हाय बाईला."

परतीच्या एसटीत प्राचार्यांचा फोन आला. माल घेतला म्हटल्यावर ते म्हणाले, "अहवालात सहभागी विद्यार्थी किती लिहू?"

"मोजले नाहीत सर."

"काळुरामनं मोजलेत. एकाहत्तर. माझ्यासकट बहात्तर, पण मला धरू नका." मग आवाज जरा उतरला. "जूनचं टाइमटेबल करायला घेतलंय मॅडम. तुमचे तास धरलेत. सोमवारी या."

तिनं फोन पर्समध्ये ठेवला. नितेशला कळवायचं होतं, घरी गेल्यावर सगळंच पहिल्यापासून सांगायचं होतं, काडेपेटीपासून. खिडकीतून वारा येत होता. मागच्या सीटवर अक्षय नवीन तक्ता काढत होता आणि मृणाली त्याला खोडून काढत होती.

"एप्रिलला पोह्याचे पापड बी घेऊ," निकेश म्हणत होता.

"आणि लाटील कोण? तुझा बाप?"

"कॅप्टनला विचारू. तो लाटंल."

पापडाचं ऊन, पापडाचं पीठ, यावर नमिताला खूप काही सांगता आलं असतं. ती सांगायला मागे वळणार होती. पण वारा गार होता, एसटी एका लयीत चालली होती, आणि सांगायला आता वेळ होता. नागोठणं यायच्या आत ती झोपली, तोंड जरासं उघडं टाकून. मृणालीनं पुढे वाकून तिची घसरती पर्स काढून आपल्या मांडीवर घेतली आणि शेजारच्या दोघांना दटावलं, "हळू बोला रे. मॅडम निजल्यात."